चेहऱ्यावर उमटलेला डोंगर : सातवाहनांनी आपली ओळख कशी घडवली?

१/
१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. मात्र त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. चांदी वितळवून नवी नाणी पाडण्याऐवजी जुन्यांवरच शिक्का का मारला गेला? या प्रश्नाचा माग जुन्नरच्या डोंगरांत लागतो. #थ्रेड

२/
आज ज्याला ‘ब्रँड’ म्हणतात, त्याची गरज प्राचीन राजसत्तेलाही होती. प्रजेतील फार थोड्यांनाच वाचता येई. व्यापारी नाना देशांचे, त्यांच्या बोली निराळ्या. राजा प्रत्यक्ष कोणाच्याच दृष्टीस पडत नसे. अशा वेळी नाव, चिन्ह आणि त्यांची सातत्याने होणारी पुनरावृत्ती, एवढ्याच साधनांनी सत्ता ओळखली जाई.

३/
जुन्नर हे या दृष्टीने मोक्याचे ठाणे. कोकणातील कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे लोकपरंपरा सांगते. ते कसेही असो, हा घाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापाराची किल्ली होती.

४/
याच घाटाच्या तोंडाशी सातवाहनांनी आपली पहिली मोठी जाहीर ओळख कोरली. नाणेघाटातील लेण्यात सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या काळचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांचे आकडे त्यात नोंदले आहेत. शेजारच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येक मूर्तीच्या वर तिचे नाव कोरलेले होते.

५/
त्या नावांत सिमुक सातवाहन आहे, सातकर्णी व नागनिका आहेत, राजकुमार आहेत आणि एक ‘महारठी’ही आहे. मूर्ती आज नष्ट झाल्या आहेत. काहींच्या पावलांचे अवशेष तेवढे दिसतात. पण रचनेमागचा विचार स्पष्ट आहे. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी नाव, ज्याला येत नाही त्याच्यासाठी आकृती. घाट चढून आलेल्या वाटसरूला पुढचा मुलूख कोणाचा, हे विचारण्याची गरजच उरू नये.

६/
पुढे चित्र पालटले. पश्चिमेकडून आलेल्या क्षहरात क्षत्रपांनी हा प्रदेश जिंकला. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख येतो. पूर्वी तेथे रीतसर बाजारपेठ होती. पुढे मात्र तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. कल्याण अडले म्हणजे नाणेघाटाची वाट मंदावली, आणि वाट मंदावली म्हणजे सातवाहनांचे उत्पन्न आटले.

७/
याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द जुन्नरला आहे. मानमोडी डोंगरातील भीमाशंकर लेणीसमूहात एका मंडपाच्या व पाण्याच्या टाक्याच्या दानाचा लेख आहे. दाता आहे अयम नावाचा अमात्य, आणि त्याचा स्वामी महाक्षत्रप नहपान. लेखात ४६ वे वर्ष दिले आहे. सातवाहनांच्या पूर्वजांच्या मूर्ती जेथून एका दिवसाच्या वाटचालीवर, तेथेच आता परक्या राजाचे नाव दगडात कोरले गेले होते.

८/
नहपानाने आपली ओळख पक्की केली ती चांदीच्या नाण्यातून. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरे; दुसऱ्या बाजूला बाण व वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. एकाच नाण्यावर तीन लिप्या! वेगवेगळ्या प्रदेशांतील लोकांना आपापल्या परिचयाचे काहीतरी त्यात सापडे. नाण्याचा घाट इंडो-ग्रीक राजांच्या चांदीच्या नाण्यांवरून घेतलेला, म्हणजे बाजाराला आधीच ठाऊक असलेला. विश्वास नव्याने कमावण्यापेक्षा जुन्या विश्वासाशी नाते जोडणे नहपानाने पसंत केले.

९/
गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिने नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षात नाशिकच्या लेण्यात जी प्रशस्ती कोरवली, तिच्यात क्षहरात वंशाचा उच्छेद आणि सातवाहन कुळाच्या यशाची पुनःस्थापना, असे दोन पराक्रम नोंदले आहेत. ‘पुनःस्थापना’ हा शब्द महत्त्वाचा. जे हरवले होते, तेच पुन्हा उभे केले जाते. केवळ प्रदेश नव्हे, तर कुळाचे नावच मधल्या काळात पुसले गेले होते.

१०/
आता पुन्हा जोगळटेंभीकडे. नहपानाची नाणी बाजारात मुबलक होती आणि त्यांतील चांदीवर लोकांचा विश्वास होता. ती एकाएकी रद्द केली असती, तर व्यापाऱ्यांचेच नुकसान झाले असते. म्हणून नाणे तेच, वजन तेच, धातू तोच. वर ठसा मात्र नवा. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस ‘उज्जैन चिन्ह’, म्हणजे फुली आणि तिच्या चारही टोकांना वर्तुळे.

११/
ही दोन्ही चिन्हे विचारपूर्वक निवडलेली दिसतात. काही ठळक रेघांत उमटणारा डोंगर लहानशा, झिजलेल्या नाण्यावरही चटकन ओळखू येतो. त्याला लिपीची गरज नाही, भाषेची नाही. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतो. ठसा घाईत मारल्यामुळेही तसे झाले असेल. पण परिणाम प्रभावी होता. नाणे हातात घेणाऱ्याला जिंकलेला आणि जिंकणारा एकाच वेळी दिसत.

१२/
असेच ‘पुनर्मुद्रण’ जमिनींच्या बाबतीतही झाले. उषवदात हा नहपानाचा जावई. पूर्वी त्याच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत गौतमीपुत्राने आपल्या १८ व्या राज्यवर्षी नाशिकच्या भिक्षूंना दिले. कार्ल्याच्या लेण्यांसाठी उषवदाताने दिलेले करजिक गावही सातवाहनांनी पुन्हा आपल्या नावे त्याच भिक्षुसंघाला दिले. दान घेणारे तेच. दात्याचे नाव तेवढे बदलले.

१३/
नावातही एक योजना होती. या वंशात सातकर्णी अनेक झाले. त्यामुळे मातृगोत्रावरून येणारे नाव आधी लावण्याची पद्धत उपयोगी पडली : गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी. नावाचा उत्तरार्ध वंशाचे सातत्य सांगतो, पूर्वार्ध व्यक्तीचे वेगळेपण. कोणत्याही टिकाऊ ओळखीला हे दोन्ही लागते.

१४/
पण गोष्ट येथे संपत नाही. पुढच्या सातवाहन राजांनी, विशेषतः वासिष्ठीपुत्र पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांनी, स्वतःची चांदीची नाणी पाडली. त्यांवर काय आहे? राजाचा चेहरा! ज्या शत्रूच्या चेहऱ्यावर डोंगर ठोकला, त्याच्याच नाण्याची धाटणी सातवाहनांनी स्वीकारली. फक्त मागे बाण आणि वज्र नाही; तेथे डोंगर व उज्जैन चिन्ह आहे. लेखही दोन भाषांत : एका बाजूस प्राकृत, दुसऱ्या बाजूस दक्षिणेतील द्राविड वळणाची भाषा. बाजाराची सवय राजाच्या अभिमानाहून बलवान असते, हे त्यांनी ओळखले होते.

१५/
या साऱ्याचा लाभ कोणाला झाला? जुन्नरच्या लेण्यांत त्याचे उत्तर आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने येथे सात खोल्यांचे लेणे व टाके दान दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे येथील लेखांत आहेत. इरिल, चिट आणि चंद या यवन दात्यांचीही आहेत. राजा कोण, हे त्यांच्या हाती नव्हते. आपले नाव दगडावर उमटवणे मात्र होते. कारागिरांनाही आपली ओळख मागे ठेवावीशी वाटली आणि ती दोन हजार वर्षे टिकली.

१६/
म्हणून नाणेघाट, मानमोडी आणि लेण्याद्री ही तीन ठिकाणे एकाच प्रवासात पाहावीत. पहिल्या ठिकाणी ओळख उभारलेली दिसते, दुसऱ्या ठिकाणी ती परक्याच्या नावाखाली झाकलेली. तिसऱ्या ठिकाणी राजांच्या झगड्यापलीकडचे जुन्नर दिसते, दात्यांनी आणि भिक्षूंनी घडवलेले. मात्र नाणेघाटातील अक्षरांवर हात फिरवू नये, खडूने ती गडद करू नयेत. मूर्ती गेल्या, आता त्यांची नावे तेवढी उरली आहेत.