चांदा रेल्वे: रूळ पडण्याआधीच पेटलेला वाद

बल्लारशाहहून काझीपेटकडे निघालात की लगेच वर्धा नदी लागते. पलीकडचा राजुराही आज चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. पण १८८३ मध्ये ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांचा मध्य प्रांत, पलीकडे निजामाचं राज्य.

वरोऱ्याला कोळसा निघत होता आणि १८७० च्या दशकात वर्ध्याहून तिथवर रूळ आले होते. निजामाची रेल्वे वाडीहून सिकंदराबादला १८७४ मध्येच पोचली होती. ती पुढे चांद्याच्या दिशेने वाढवायची, ही झाली चांदा रेल्वे योजना. चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर.

मग वाद कशाचा? पैशांचा. कंपनी लंडनची, भांडवल ती उभारणार. पण त्यावर २० वर्षं ५ टक्के व्याजाची हमी निजाम सरकारची. म्हणजे गाडी तोट्यात चालली तरी भागधारकाला व्याज मिळणार आणि खड्डा भरणार हैदराबादचा खजिना. त्यात फेब्रुवारी १८८३ मध्ये दिवाण सालारजंग वारले. निजाम महबूब अली खान अजून अल्पवयीन होते.

अशा वेळी अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम यांच्यासारखी मंडळी पुढे आली. अघोरनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, एडिनबराचे डी.एस्सी., विज्ञानाचे माणूस. मागणी साधी होती: योजनेचा तपशील लोकांपुढे ठेवा, चर्चा होऊ द्या. मे महिन्यात अघोरनाथांना हैदराबादमधून हद्दपार करण्यात आलं.

रेल्वे कंपनीकडे गेलीच. रूळ वारंगळमार्गे १८८९ मध्ये बेझवाड्याला पोचले, चांद्याला नाही. काझीपेट-बल्लारशाह दुवा जुळायला १९२० चं दशक संपत आलं. दरम्यान, लंडनमधल्या वाटाघाटींत पुढे असलेले अब्दुल हक १८८८ मध्ये खाणींच्या सवलतीच्या प्रकरणात सापडले आणि चौकशी थेट ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे गेली. यावरून रेल्वेबाबतचा प्रत्येक संशय खरा ठरतो का? नाही. पण कागद बघायला मागणं गैर नव्हतं, एवढं नक्की कळतं.

संशोधनाच्या तयारीत असाल तर यातून दोन गोष्टी घ्या. एक, आजच्या नकाशावर शोध थांबवू नका. गडचिरोली जिल्हा १९८२ चा. त्याआधीचं बरंच काही 'चांदा' नावाखाली आहे, आणि हे प्रकरण तर हैदराबादच्या इतिहासात. दोन, रेल्वे कुठून कुठे गेली एवढंच विचारू नका. तोटा झाला तर भरणार कोण, हे आधी विचारा. अघोरनाथांनी तेच विचारलं होतं.