'बेमुर्वत' : एका शब्दाचा मागोवा

उद्धट माणसाला नावे ठेवण्यासाठी आमच्या पिंपरी-चिंचवड परिसरात शब्दांची वाण नाही. उर्मट, मुजोर, मग्रूर हे तर रोज कानी पडतात. 'बेमुर्वत' मात्र आता क्वचितच ऐकू येतो. घरची वडीलधारी माणसे तो वापरीत, तेही जपून.

मूळ अरबी शब्द 'मुरूआ'. पुरुषवाचक शब्दापासून तो साधला असून त्याचा अर्थ माणूसपण, सौजन्य. लॅटिनमध्ये 'विर' म्हणजे पुरुष, त्यापासून 'विर्तुस' म्हणजे सद्गुण, घडण तीच. फारसीतून मराठीत आल्यावर 'मुर्वत' म्हणजे दुसऱ्याची राखलेली कदर, असा अर्थ रूढ झाला आणि 'भीडमुर्वत' हा जोडशब्द तयार झाला. संस्कृत 'उद्धत' म्हणजे वर उचललेला, तर 'मुजोर' म्हणजे तोंडाचा जोर असलेला. हे शब्द माणसात काय जास्त झाले ते सांगतात. 'बेमुर्वत' काय उणे आहे ते सांगतो.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी वागणुकीचे असे कितीतरी फारसी शब्द मराठीच्या घरात राहिले. मुर्वत म्हणजे काय, हे चाकणच्या किल्ल्यानेही पाहिले आहे. 1660 साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेशी तो सुमारे दोन महिने झुंजविला. किल्ला पडल्यावर खानाने त्यांना चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली, तरी त्यांना सन्मानाने जाऊ दिले, असे इतिहासकार सांगतात. शत्रूच्या शौर्याची राखलेली ही मुर्वतच होय.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. गावोगावची माणसे येथे आली. 1946 च्या कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांत वरिष्ठांची हेतुपुरस्सर अवज्ञा हे गैरवर्तन ठरविले होते. पण साठीच्या कंत्राटी कामगाराला विशीतला मुकादम 'ए' म्हणून हाक मारतो, हेही आम्ही पाहिले आहे. कामगाराने मान वर करून उत्तर दिले, की उद्धट तोच ठरतो! खरा बेमुर्वत कोण, हे आमच्या आजीला विचारावे लागले नसते.

वाचकहो, बोट केवळ कारखान्याकडे दाखवून चालणार नाही. धुणेभांडी करणाऱ्या बाईंना आमची मुले काय म्हणून हाक मारतात? शब्द विस्मरणात गेला तर एक वेळ चालेल. मुर्वत जाऊ नये.