मर्यादित अवधान : स्मरणसूचना आणि प्रोत्साहने

माणसाचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींना पुरते आणि त्यामुळे मनापासून करायचे ठरवलेले कामही ऐन वेळी आठवत नाही. वर्तनविषयक अर्थशास्त्रात यालाच मर्यादित अवधान म्हणतात. गोळी घेणे, बचतीचा हप्ता भरणे, बाळाला लस टोचून आणणे ही कामे नकोशी असतात असे नाही. पुष्कळदा ती नुसती राहून जातात. माहितीची रेलचेल झाली की टंचाई लक्षाची पडते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. यावर दोन उपाय रुळले आहेत : आठवण करून देणे आणि काहीतरी मोबदला देणे. दोन्हींची मदार त्याच तोकड्या लक्षावर असते, हे योजना आखणारे सहसा विसरतात.

केनियातील एका ग्रामीण दवाखान्यात एचआयव्हीबाधितांवर झालेला प्रयोग (निष्कर्ष २०११) या दृष्टीने बोलका आहे. रुग्णांना मोबाइल दिले गेले. औषधाची बाटली उघडली की तिच्या झाकणातच नोंद होई. काहींना रोज एसएमएस जाई, काहींना आठवड्यातून एकदा. आठवड्याचा एसएमएस मिळणाऱ्यांपैकी ५३ टक्के रुग्णांनी ४८ आठवड्यांत किमान ९० टक्के डोस घेतले. एसएमएस न मिळणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. रोजच्या एसएमएसने मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. धीर देणारा लांबलचक मजकूरही काही जास्त कामी आला नाही. रोज वाजणाऱ्या गोष्टीला कान सरावतात, हे त्याचे पटण्याजोगे कारण. केनियातच दुसऱ्या एका चाचणीत (२०१०) दर आठवड्याला फक्त ‘कसे काय?’ एवढेच विचारले जाई. रुग्णाने ‘ठीक’ किंवा ‘अडचण आहे’ असे ४८ तासांत कळवायचे. अडचण सांगणाऱ्याला किंवा गप्प बसणाऱ्याला दवाखान्यातून फोन येई. तिथेही औषध नियमित घेणारे वाढले.

मोबदल्याचे ठळक उदाहरण राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर गावोगावी महिन्याला लसीकरण शिबिरे भरवली. काही गावांत प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सर्व लसी पुऱ्या झाल्यावर थाळ्या दिल्या. पूर्ण लसीकरण नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ टक्के, डाळीच्या गावांत ३९ टक्के आणि यांपैकी काहीच नसलेल्या गावांत ६ टक्के आढळले (२०१०). नुसत्या शिबिरांच्या गावांत पहिल्या लसी होत, पुढच्या राहत. किलोभर डाळीसाठी कोणी आपली श्रद्धा बदलत नाही. पण ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून टाळलेले पाऊल ती आज उचलायला लावते. ती हातात पडते, शेजारणीला दिसते. याउलट, क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेतून थेट बँक खात्यात मिळणारी रक्कम (२०१८ पासून दरमहा ५०० रुपये, पुढे १,०००) आहारासाठी मोलाची आहे; परंतु रोजच्या गोळीची आठवण करून देण्याचे काम तिच्याकडून होईल असे मानणे धाडसाचे.

स्मरणसूचना व मोबदला एकमेकांना पूरक ठरू शकतात. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपाइन्स येथील बँकांच्या बचतखातेदारांवरील प्रयोगांत डीन कार्लन व सहकाऱ्यांना असे दिसले, की बचतीचे उद्दिष्ट आणि मिळणारा लाभ या दोन्हींचा उल्लेख असलेले संदेश विशेष परिणामकारक होते. लाभ ठरलेला असूनही ग्राहकाच्या मनातून तो निसटलेला असतो, असा याचा एक अर्थ लागतो.

आठवण करून देणे फुकट नसते. डेन्मार्कमधील एका धर्मादाय संस्थेच्या स्मरणपत्रांनी देणग्या वाढल्या, तसेच यादीतून नाव काढून घेणारेही वाढले. शिवाय लक्ष म्हणजे आखूड पांघरूण : एका कामावर ओढले की दुसरे उघडे पडते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांतही दिसले आहे. ज्याच्याकडे दवाखान्यापर्यंतचे बसभाडेच नाही, त्याला तर कितीही वेळा आठवण करून दिली तरी उपयोग नाही.