मरणासन्नांच्या उशाशी बसणारे

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी आम्ही वेदीवरून आवाहन केले होते. धर्मग्रामात दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन बसण्यास कोण तयार आहे, असा आमचा प्रश्न होता. मिस्सा संपल्यावर २६ जणांनी नावे दिली आणि आम्हांस धन्यता वाटली. वर्ष सरता सरता त्यांतील ५ जण उरले. लोकांचा उत्साह नेहमीच अल्पजीवी असतो, असे म्हणून आम्ही स्वतःची समजूत घातली.

पुढे एके दिवशी त्या २६ जणांतील एक भगिनी बाजारात भेटली. एका कर्करुग्णाच्या उशाशी ती तीन महिने नियमाने बसली होती. त्याचा अंत्यविधी आम्हीच केला होता आणि त्यानंतर ती कोणाच्याच घरी गेली नव्हती. आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फादर, त्या माणसाबरोबर माझंही काहीतरी गेलं. पण तुझं कसं चाललंय, म्हणून विचारायला कुणी आलं नाही." त्या शब्दांनी आम्हांस इतिहासाची पाने चाळावयास लावले. मरणासन्नांची सेवा करणारी माणसे पूर्वी कशी जमविली जात, कशी घडविली जात आणि कशी सांभाळली जात, हे आम्हांस जाणून घ्यावयाचे होते.

'हॉस्पिस' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. मध्ययुगात वाटसरू, यात्रेकरू आणि आजारी यांना आसरा देणाऱ्या मठांतील गृहांना हे नाव होते. केवळ मरणपंथाला लागलेल्यांसाठी माणसे संघटित करण्याचा विचार मात्र हळूहळू आकारास आला.

सोळाव्या शतकातील रोममध्ये संत कमिलस यांनी हा प्रश्न जवळून पाहिला. तारुण्यात ते शिपाई होते आणि जुगारी होते. पायाच्या न भरणाऱ्या जखमेमुळे त्यांना इस्पितळात राहावे लागले. पगारी सेवक रुग्णांची हेळसांड करतात, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. १५८२ च्या सुमारास त्यांनी केवळ प्रेमापोटी सेवा करणारे मोजके सोबती जमविले. त्यांची खरी दूरदृष्टी पुढेच दिसते. सोबत्यांच्या सद्भावनेवर विसंबून न राहता त्यांनी सेवेचे नियम लिहून काढले. एकुलत्या आजारी लेकराजवळ आई जशी असते तसे रुग्णाजवळ असावे, अशी त्यांची अपेक्षा होती आणि ही ममता शिकवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. १५८६ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी या संघाला मान्यता दिली. पुढे लोक या धर्मगुरूंना 'चांगल्या मरणाचे फादर' म्हणू लागले.

माणसे कोठून मिळवावीत, या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समधील लियाँ शहरातील जान गार्निए या विधवेने दिले. ऐन तारुण्यात तिचा पती आणि दोन्ही अपत्ये कालवश झाली. १८४२ मध्ये तिने आपल्यासारख्याच विधवांना एकत्र आणले आणि असाध्य रोगाने जर्जर झालेल्या गरीब स्त्रियांच्या शुश्रूषेस आरंभ केला. काही विधवा त्या गृहातच राहत, काही ठरल्या दिवशी येऊन जखमा धूत व मलमपट्टी करीत, तर काही घरोघर हिंडून निधी गोळा करीत. ज्याची जितकी शक्ती, तितका त्याचा वाटा. आम्ही २६ जणांस एकाच मापाने मोजले होते, ही आमची पहिली चूक येथे आमच्या ध्यानी आली. १८५३ मध्ये जान गार्निए निवर्तली, तरी तिच्या प्रेरणेने पॅरिसमध्ये १८७४ साली आणि न्यूयॉर्कमध्ये १८९९ साली अशीच गृहे उभी राहिली.

आयर्लंडच्या धर्मभगिनींनी १८७९ मध्ये डब्लिनला आणि १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात मरणासन्नांसाठी गृहे काढली. हॅकनीच्या याच संत जोसेफ हॉस्पिसमध्ये १९५८ पासून डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनाशमनाचा शास्त्रीय अभ्यास केला. डॉक्टर होण्यापूर्वी त्या परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि १९४८ पासून एका मरणासन्नांच्या गृहात संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून जात. औषध वेदना असह्य होईपर्यंत थांबून न देता ठरावीक वेळी दिले, तर रुग्ण शांत राहतो, हे त्यांनी तेथे पाहिले. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या जननीचे पहिले धडे असे एका स्वयंसेविकेने गिरविलेले आहेत! १९६७ मध्ये त्यांनी लंडनला संत क्रिस्टोफर हॉस्पिस उघडले. शरीर, मन, कुटुंब आणि आत्मा या साऱ्यांची मिळून एकच वेदना असते, हा त्यांचा सिद्धान्त. अशी वेदना एकट्या डॉक्टरच्या हातून कशी आवरावी? म्हणून शेजारच्या सामान्य माणसांनाही त्यांनी तेथे स्थान दिले. पुढे अमेरिकेत तर शासकीय विम्याचा निधी घेणाऱ्या हॉस्पिसमध्ये रुग्णसेवेच्या तासांच्या किमान ५ टक्के इतकी सेवा स्वयंसेवकांनी द्यावी आणि त्यांना प्रशिक्षण मिळावे, असा नियमच झाला.

आपल्या देशात मदर तेरेसांनी १९५२ मध्ये कोलकात्यास निर्मल हृदय उघडले. कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुईस होजे डिसोझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्यास शांती आवेदना स्थापिले. भारतातील पहिले हॉस्पिस म्हणून ते ओळखले जाते. मात्र माणसे जमविणे, घडविणे आणि सांभाळणे या तिन्ही गोष्टींचा मेळ आम्हांस केरळात आढळला. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे कार्य आरंभिले. त्यातून काही वर्षांत मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले. त्यात शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी, गृहिणी असे सर्व धर्मांचे लोक होते. आठवड्यास किमान दोन तास देण्याची तयारी असलेल्यांस १६ तासांचे वर्ग आणि चार दिवस रुग्णांच्या सान्निध्यातील प्रत्यक्ष शिक्षण दिले जाई. तेथे ऐकून कसे घ्यावे, खोटा धीर का देऊ नये, अंथरुणावरील जखमांची काळजी कशी घ्यावी, हे शिकविले जाई. त्यानंतर कोणी एकटा पडत नसे. स्वयंसेवक गटाने काम करीत आणि त्यांच्या पाठीशी डॉक्टर व परिचारिका असत. रुग्णाच्या घरी तांदूळ पोहोचविणे, मुलांच्या शाळेची सोय पाहणे हेही सेवेतच मोडे. २००८ मध्ये केरळ शासनाने या कार्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

वाचकहो, चार शतकांचा हा प्रवास आम्हांस एकच गोष्ट सांगतो. करुणा ही देवाची देणगी खरी, परंतु तिला शिस्त नसेल तर ती रुग्णाला जड होते, आणि तिला आधार नसेल तर ती सेवकालाच मोडते. आमच्या २६ जणांचा उत्साह अल्पजीवी नव्हता. आम्ही त्यांना मरणाच्या दारात उभे करून परत फिरलो होतो.

आता आमच्या धर्मग्रामात आठ जणांचा गट आहे. एक निवृत्त परिचारिका त्यांना शिकविते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सारे एकत्र बसतात. ज्याच्या रुग्णाचे निधन झाले असेल, तो आधी बोलतो आणि इतर ऐकतात. आम्हीही ऐकतो. बाजारात भेटलेल्या त्या भगिनीच्या घरी आम्ही स्वतः गेलो आणि उशिरा का होईना, तिची विचारपूस केली. ती गटात अजून आलेली नाही. पहिल्या शुक्रवारी तिच्यासाठी एक खुर्ची मात्र आम्ही राखून ठेवतो.