सारंगी खाली ठेवली तेव्हा

हलगी कुणी वाजवायची, हे शिरूर कासारच्या पोराला शिकवावं लागत नाही. वरातीत हलगीवाला पुढं, पंगतीत शेवटी. कातड्याला हात लागला की माणूस बाटला! पण दोस्तहो, हे आपल्या वेशीपुरतंच होतं असं समजू नका. राजेरजवाड्यांच्या दरबारातही तेच. वाद्य तेवढं वेगळं, सारंगी.

सारंगी एका अखंड लाकडातून कोरतात. पोटावर बकऱ्याचं कातडं, वरच्या तीन ताती आतड्याच्या, खाली पस्तीसेक तरफा. तात बोटाच्या पेरानं दाबायची नाही, नखाच्या मुळाशी घासायची. तिथं घट्टे पडतात. माणसाच्या गळ्याच्या एवढं जवळ जाणारं वाद्य मला तरी माहीत नाही. आणि वाजवणारा? नायकिणीच्या मागं बसणारा. गाणारा उस्ताद, हा 'मिरासी'. जातीच्या नावाचीच शिवी केलेली. आपल्याला ही रीत नवी नाही.

अब्दुल करीम खाँ १८७२ साली उत्तरेत किराण्याला जन्मले. सारंगी, बीन, सतार, तबला, सगळं हातात. असं सांगतात की ते आधी सारंगियेच होते, पण सारंगियाला मान नाही म्हणून त्यांनी गळा धरला. पुढं मिरजेचे झाले. १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. १९३७ साली वारले. कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात. दरवर्षी तिथं नामवंत येऊन गातात. इंदूरच्या अमीर खाँचा बाप शाहमीर खाँ सारंगिया. पोरानं पहिली सारंगीच शिकली, नाव झालं गाण्यात. बडे गुलाम अली खाँ सारंगीही शिकले होते.

स्वर न तोडता लांबवत न्यायचं ते वळण गजातूनच गळ्यात आलं असणार, असं मला वाटतं. म्हंजे सारंगी गेली नाही, नुसती दिसेनाशी झाली.

आपल्या आज्यांनी तरी काय केलं? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका म्हणून सांगितलं. गावकीच्या कामांबरोबर कित्येक गावांत लोकांनी वाजवणंही टाकलं. बरोबरच केलं. पोटासाठी अन् धाकानं वाजवायचं ती कसली कला, ती वेठ. पण आपण टाकलेली हलगी मातंग भावाच्या गळ्यात तशीच राहिली, त्याची पंगतही शेवटचीच राहिली. खाँसाहेब पुढं गेले, सारंगिया मागंच बसला, तसंच हे.

एक जण मात्र वाद्य न सोडता उठला. उदयपूरचा रामनारायण. साथीला कंटाळून १९४९ साली मुंबईत आला. १९५४ साली एकट्यानं सारंगी वाजवायला बसला, लोकांनी ऐकून घेतलं नाही, अर्ध्यातून उठावं लागलं. १९५६ साली पुन्हा बसला, तेव्हा ऐकलं. त्यानंतर त्यानं साथ करणं सोडलं. साल लक्षात ठेवा. त्याच साली नागपुरात आपण उठलो.

शिरूर कासारात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांत हलगी कुणी टाकली, कुणाच्या गळ्यात राहिली, त्या म्हाताऱ्यांची नावं कुणी लिहून घेतलीत का? घेतली असतील तर पुढच्या अंकासाठी पाठवा.