ह-क-म : हुकूम आणि हिकमत

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. स्वर बदलले, मागेपुढे एखादं अक्षर लागलं की नवा शब्द तयार. आज एकच धातू घेऊ : ह-क-म. 'हुक्म' म्हणजे निवाडा, आज्ञा. 'हाकिम' म्हणजे निवाडा देणारा, सत्ता चालवणारा. 'महकमा' म्हणजे न्यायालय. 'हिकमा' म्हणजे शहाणपण आणि 'हकीम' म्हणजे शहाणा, पुढे वैद्यसुद्धा. फारसीच्या वाटेने हे आपल्याकडेही आले. हुकूम, हकीम, हिकमत आपण सहज बोलतो.

आता सत्ता आणि शहाणपण एका धातूत कसे? जुने अरबी कोशकार मुळाशी 'रोखणे' हा अर्थ सांगतात. घोड्याच्या जबड्याशी बसणारा लगामाचा भाग म्हणजे 'हकमा'. घोडा उधळू नये म्हणून लगाम, बलवानाने अन्याय करू नये म्हणून निवाडा आणि मन भरकटू नये म्हणून शहाणपण!

पण रोखायचं कोणी? या प्रश्नावर रक्त सांडलं आहे. इ.स. ६५७ मध्ये सिफ्फीनला अली आणि मुआविया यांची लढाई लवादावर थांबली. लवाद म्हणजे 'तहकीम', पुन्हा तोच धातू. अलींच्याच सैन्यातला एक गट बिथरला. निवाडा फक्त ईश्वराचा, माणसांचा नव्हे, अशी त्यांची घोषणा होती. हेच खारिजी. अलींचं म्हणणं असं, की ग्रंथ स्वतः बोलत नाही, त्याचा अर्थ माणसंच सांगतात. कुराणातही पती-पत्नीच्या भांडणात दोन्हीकडून एकेक 'हकम', म्हणजे मध्यस्थ, नेमायला सांगितलंय. ६६१ मध्ये एका खारिज्यानेच अलींचा प्राण घेतला.

पाच शतकांनंतर स्पेनमध्ये इब्न रुश्द झाले. व्यवसायाने न्यायाधीश, शिवाय वैद्य आणि तत्त्वज्ञ. म्हणजे निवाडाही तेच देणार आणि हकीमही तेच! धर्मशास्त्र आणि हिकमा यांच्यात वैर नाही, असं त्यांनी ग्रंथ लिहून मांडलं. तरीही ११९५ मध्ये खलिफाच्या हुकमाने त्यांना हद्दपार केलं, तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळली. पुढे त्यांना परत बोलावलं, पण ११९८ मध्ये ते वारले.

एका धातूची दोन लेकरं, हुकूम आणि हिकमत. मराठीत 'हुकूमशाही' शब्द रुळला, 'हिकमतशाही' मात्र नाही. हुकमाला लगाम घालायचा तो हिकमतीनेच. ती सुटली, की हातात उरतो तो नुसता चाबूक.