संगणक-शीतकरणाचा इतिहास आणि बंदिस्त द्रवशीतकाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास सामान्यतः गती आणि स्मृतिक्षमता यांच्या वाढीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या वाढीबरोबर निर्माण झालेल्या उष्णतेचा विचार त्यात अभावानेच आढळतो. प्रोसेसरला पुरविलेली वीज जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतरित होते व ती उष्णता वाहून नेणे हा संगणकरचनेचा प्रारंभापासूनचा प्रश्न आहे. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’ या संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या. त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागत असे आणि तो थंड ठेवण्यासाठी मोठे पंखे बसवावे लागले होते. आज टेबलावरील संगणकासाठी पंख्याचा साधा शीतक घ्यावा की पंप, नळ्या व रेडिएटर एकत्र असलेला बंदिस्त द्रवशीतक घ्यावा, असा प्रश्न ग्राहकापुढे असतो. हा प्रश्न केवळ बाजारपेठेचा नसून त्याला इतिहास आहे.

उद्दिष्टे :

१. संगणक-शीतकरणातील द्रवाच्या वापराचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. बंदिस्त द्रवशीतकाच्या उदयाची कारणे तपासणे.
३. या इतिहासाच्या आधारे निवडीचे निकष मांडणे.

मोठ्या संगणकांचा कालखंड :

समान वजनाच्या हवेच्या तुलनेत पाणी सुमारे चौपट उष्णता सामावून घेते. समान आकारमानाचा विचार केल्यास हा फरक सुमारे साडेतीन हजार पट होतो. या गुणधर्मामुळे १९६० च्या दशकातच आयबीएमने आपल्या ‘सिस्टीम ३६०’ मालिकेतील ‘मॉडेल ९१’ या संगणकात पाण्याचा वापर केला. १९७६ मध्ये लॉस अलामॉस येथे बसविण्यात आलेल्या ‘क्रे-१’ या महासंगणकाला सुमारे ११५ किलोवॅट वीज लागत असे. त्याच्या सांगाड्यातून फ्रिऑन हे शीतद्रव्य फिरविले जाई. १९८० मध्ये जाहीर झालेल्या ‘आयबीएम ३०८१’ मध्ये एका पेटीत शंभराहून अधिक चिप बसविल्या होत्या. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या, भोवती हेलियम वायू आणि वर पाण्याने थंड ठेवलेली पट्टी अशी ही रचना होती. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये तर संपूर्ण मंडलेच वीजरोधक द्रवात बुडविण्यात आली.

१९९० च्या दशकात मात्र हा प्रवाह उलटला. जुन्या द्विध्रुवी ट्रान्झिस्टरांची जागा अल्प वीज घेणाऱ्या ‘सीमॉस’ तंत्राने घेतली आणि मोठे संगणक पुन्हा हवेवर चालू लागले. यावरून असे दिसते की, द्रवशीतकरण ही प्रगतीची चढती पायरी नव्हे. ते उष्णतेच्या गरजेनुसार स्वीकारले व सोडले गेले आहे.

वैयक्तिक संगणक आणि बंदिस्त शीतकाचा उदय :

वैयक्तिक संगणकांत हाच प्रश्न काही वर्षांनी उद्भवला. २००४ मध्ये आलेल्या ‘पेंटियम ४’ च्या ‘प्रेस्कॉट’ आवृत्तीची उष्णता १०० वॅटच्या पुढे गेली व त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा नियोजित प्रोसेसर रद्द केला. ॲपलने २००४ मध्येच ‘पॉवर मॅक जी५’ च्या सर्वांत वेगवान आवृत्तीत द्रवशीतक बसविला. पुढे यांपैकी काही यंत्रांत द्रवगळती झाल्याचे आढळले. दुसरीकडे, हौशी संगणकप्रेमी मोटारगाडीच्या हीटरमधील रेडिएटर आणि मत्स्यालयातील पंप वापरून स्वतःच जलशीतक तयार करीत होते. त्यात देखभाल मोठी होती. परंतु प्रत्येक भाग बदलता येत होता.

या दोन प्रवाहांतून बंदिस्त द्रवशीतक पुढे आला. डेन्मार्कमधील ‘आसेटेक’ या कंपनीने पंप आणि उष्णता घेणारी पट्टी एकाच घटकात आणली. कारखान्यातच द्रव भरून मोहोरबंद केलेली ही रचना २००७ मध्ये एचपीच्या ‘ब्लॅकबर्ड ००२’ या संगणकात आणि २००९ मध्ये ‘कॉर्सेअर एच५०’ या नावाने सुट्या विक्रीत आली. तिचे व्यापारी महत्त्व एवढे वाढले की, आसेटेकला २०१२ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटांवरून खटले झाले; डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने आसेटेकच्या बाजूने कौल दिला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. बंदिस्त शीतक बाजारात आला तेव्हा सामान्य प्रोसेसर उलट थंड होत चालले होते. २००६ च्या ‘कोअर २ ड्युओ’ ची बहुतांश मॉडेल्स ६५ वॅटची होती. म्हणजेच या शीतकाचा प्रसार सार्वत्रिक गरजेतून नव्हे, तर ठरावीक गतीपेक्षा अधिक गतीने प्रोसेसर चालविण्याच्या हौसेतून व यंत्राच्या देखणेपणातून झाला. खरी गरज नंतर आली. एएमडीचा २०१३ मधील ‘एफएक्स-९५९०’ २२० वॅटचा होता, तर इंटेलच्या २०२२ मधील ‘कोअर आय९-१३९००के’ ची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे.

निवडीचे निकष :

पहिला निकष उष्णतेचा होय. ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा पंखा पुरतो. दीर्घकाळ २०० वॅटच्या पुढे काम करणाऱ्या प्रोसेसरसाठी २८० किंवा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर सयुक्तिक ठरतो. १२० मिलिमीटरचा लहान रेडिएटर मात्र चांगल्या हवाशीतकाहून सरस ठरेलच असे नाही, कारण अंतिमतः उष्णता हवेतच सोडावयाची असते. याच कारणाने कोणताही रेडिएटर द्रवाला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात ४० अंश तापमानाच्या प्रयोगशाळेत खोलीचे वायुवीजन शीतकाच्या किमतीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.

दुसरा निकष मांडणीचा होय. नळ्यांतून द्रवाची वाफ अल्प प्रमाणात सतत झिरपते व आत हवा साठते. ही हवा सर्वांत उंच जागी जात असल्याने पंप हा त्या वर्तुळातील सर्वोच्च बिंदू असू नये. रेडिएटर पेटीच्या वरच्या बाजूस बसविणे सोयीचे ठरते.

तिसरा व सर्वांत दुर्लक्षित निकष आयुष्याचा होय. हवाशीतकाचा पंखा बिघडल्यास तो अल्प खर्चात बदलता येतो. धातूचा भाग तसाच राहतो. बंदिस्त शीतकाचा पंप बिघडल्यास बहुधा संपूर्ण संचच टाकून द्यावा लागतो, कारण द्रव पुन्हा भरण्याची सोय बहुतेक संचांत नसते. त्यामुळे हमीचा काळ आणि यंत्राचे अपेक्षित आयुष्य यांची तुलना आवश्यक ठरते. आठ-दहा वर्षे एकच संगणक वापरणाऱ्या महाविद्यालयासारख्या संस्थेच्या दृष्टीने हा निकष निर्णायक आहे.

निष्कर्ष :

१. द्रवशीतकरण नवे नाही. बंदिस्तपणा नवा आहे. मोठ्या संगणकांच्या काळात पाण्याबरोबर त्याची देखभाल करणारे अभियंतेही असत. बंदिस्त शीतकाने देखभालीची गरज दूर केली, परंतु दुरुस्तीचा मार्गही बंद केला.

२. २०१९ मध्ये पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत कार्यान्वित झालेल्या सी-डॅकच्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात थेट द्रवशीतकरण वापरले आहे. तेथे उष्णतेची घनता आणि देखभालीची व्यवस्था या दोन्ही गोष्टी आहेत. टेबलावरील संगणकाच्या बाबतीतही याच दोन गोष्टी तपासून निर्णय घेणे योग्य होय.

३. कार्यालयीन काम आणि अध्यापन यांसाठी हवाशीतक पुरेसा आहे. दीर्घ गणनकार्य, चित्रफीत-संपादन यांसारख्या कामांसाठी अधिक उष्ण प्रोसेसर घेतला असेल, तरच बंदिस्त द्रवशीतकावरील खर्च समर्थनीय ठरतो.